गिटारवर सिंथ पेडल: जाड तारांवर नोट फुटते, कॉर्डचा चिखल होतो. चूक कुठं?

निपाणी_सहातारी

नमस्कार मंडळी. गणपतीच्या कार्यक्रमांना यंदा कीबोर्ड नाही. स्ट्रिंग्जचा पॅड (मागे लांब धरलेले सूर), दोन गाण्यांतला सिंथ लीड आणि इंट्रोचा ब्रास एवढं गिटारवरून काढायचं आहे. गिटार स्ट्रॅट पद्धतीची, तीन सिंगल कॉइल, ०९चा (बारीक तारांचा) सेट. पेडल असे: ट्यूनर, कॉम्प्रेसर, ओव्हरड्राइव्ह, डिले आणि एक जुना ॲनालॉग सिंथ पेडल. त्यावर खालचं सप्तक, वरचं सप्तक, स्क्वेअर आणि फिल्टर असे स्लाइडर आहेत. अँप नाही, सगळं थेट मिक्सरला जातं.

पाचव्या-सहाव्या तारेवर खालचं सप्तक लावलं की नोट भरभरते, मध्येच एक सप्तक वर उडी मारते. कॉर्ड धरली की नुसता चिखल. ओव्हरड्राइव्ह चालू केला तर आणखी बिघडतं. शिवाय सगळे पेडल एकाच अडाप्टरच्या डेझी चेनवर घेतले की बारीक शिट्टी येते. पेडल बदलायला हवा की लावण्यातच चूक आहे? जीके पिकअप (प्रत्येक तारेचा वेगळा सिग्नल देणारा) घ्यावा का? सविस्तर सांगा की.

टिळकवाडी_कीज

पेडल एवढ्यात बदलू नका. आधी तो आत काय करतो ते बघूया, निम्मी अडचण तिथंच सुटेल.

‘सिंथ पेडल’ या एकाच नावाखाली तीन वेगळ्या जाती विकल्या जातात आणि घोटाळा तिथून सुरू होतो. तुमचा पहिल्या जातीचा. तो तारेचाच सिग्नल घेतो, कापून चौकोनी करतो, त्याची वारंवारता निम्मी करून खालचं सप्तक बनवतो आणि मग फिल्टरमधून सोडतो. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा मायक्रो सिंथेसायझर हा या जातीचा सगळ्यांना माहीत असलेला नमुना. यात खालचं सप्तक एका वेळी एकाच नोटेचं निघतं. दोन तारा एकदम वाजल्या तर दोन लहरींची बेरीज आत जाते, आणि तिच्यातली नेमकी कुठली लहर मोजायची हे सर्किटला ठरवता येत नाही. तुमच्या कॉर्डचा चिखल होतो तो यामुळं. पेडल बिघडलेला नाही.

दुसरी जात डिजिटल, साध्या पिकअपवरच चालणारी आणि कॉर्ड घेणारी. बॉसचा एसवाय-१ यातलाच: ११ प्रकार, प्रत्येकाचे ११ पोटप्रकार, म्हणजे १२१ आवाज. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचे सिंथ९, मेल९ वगैरेही याच जातीचे. हे नोट ओळखून ती मिडीत (वाद्यांच्या डिजिटल संदेशांत) बदलत नाहीत, आलेल्या सिग्नललाच नवा आकार देतात. म्हणून उशीर जवळजवळ जाणवत नाही.

तिसरी जात जीके पिकअपची. सहा तारांचे सहा सिग्नल वेगळे निघून १३ पिनांच्या केबलनं रोलँडच्या जीआर-५५ सारख्या यंत्रात जातात. तिथं प्रत्येक तारेची नोट ओळखून खऱ्या वाद्यांचे सॅम्पल वाजवता येतात. नवा जीके-५ पिकअप डिजिटल आहे, त्याची केबल वेगळी. १३ पिनांच्या यंत्राला तो थेट लागत नाही, मधे कन्व्हर्टर लागतो. सेकंडहँड घेताना दुकानदाराला हे आधी विचाराच.

आता नोट फुटते का, ते. सहावी तार मोकळी वाजली की ८२.४ हर्ट्झ, म्हणजे एक फेरा पुरा व्हायला १२ मिलिसेकंद लागतात. पहिली तार ३२९.६ हर्ट्झ, तिचा फेरा ३ मिलिसेकंदांचा. एक-दोन फेरे पुरे झाल्याशिवाय नोट कोणती ते कुठल्याही सर्किटला कळत नाही, त्यामुळं जाड तारेवर पहिले २०-२५ मिलिसेकंद गोंधळाचेच असतात. त्यात पिक ब्रिजजवळ मारला तर मूळ सुरापेक्षा त्याचा दुसरा हार्मोनिक (दुप्पट वारंवारतेचा उपसूर) जोरात येतो. मग लहर एका फेऱ्यात दोनऐवजी चार वेळा शून्यरेषा ओलांडते. सर्किट नोट दुप्पट मोजतं, आणि तुम्हाला सप्तकाची उडी ऐकू येते.

यावर उपाय फुकटचे आहेत:

नेक पिकअप लावा, गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवा आणि टोन ३-४ वर आणा. पिक फ्रेटबोर्डच्या टोकाशी मारा, तिथं मूळ सूर सगळ्यात भरीव मिळतो. न वाजणाऱ्या तारा उजव्या हाताच्या तळव्यानं आणि डाव्या तर्जनीच्या पोटानं दाबून ठेवा. केसांचा जाड रबर नटला लागून तारांवरून चढवला तरी मोकळ्या तारांची गुणगुण थांबते. तारा जुन्या असतील तर आधी बदला. घामानं गंजलेली तार स्वतःच सुरात नसते, मग पेडलला सूर कुठून सापडणार?

आणि वाजवायची जागा बदला. काळी पाच मधला षड्ज सहाव्या तारेच्या ६व्या फ्रेटवर ११६.५ हर्ट्झ आहे. तोच चौथ्या तारेच्या ८व्या फ्रेटवर एक सप्तक वर, २३३ हर्ट्झ. फेरा ८.६ वरून ४.३ मिलिसेकंदांवर येतो. लीड तिथं वाजवा आणि खालचं सप्तक पेडलकडून घ्या. कानाला मूळचीच पट्टी ऐकू येईल, नोट मात्र फुटणार नाही. एवढी एक सवय लावून घेतली तर ऑर्केस्ट्रातला लीड या जुन्या पेडलवरही स्वच्छ निघतो.

खानापूर_बास

वरच्याला पूर्ण सहमत. एक गोष्ट जोडतो: पिकअपची उंची. सिंगल कॉइलचं चुंबक तारेच्या फार जवळ असलं तर ते तार ओढतं आणि जाड तारेवर सूर डोलतो. ट्यूनरची सुई एका जागी थांबत नसेल तर आधी तिकडं बघा. शेवटचा फ्रेट दाबून तारेच्या खालच्या कडेपासून चुंबकाच्या माथ्यापर्यंत मोजायचं. सहाव्या तारेला २.४ मिमी आणि पहिल्या तारेला २ मिमी, तिथून सुरुवात करा. नेक पिकअपला याची जास्त गरज, कारण तिथं तार जास्त हलते.

आता क्रम. तुमची तक्रार ‘ओव्हरड्राइव्ह लावला की बिघडतं’, म्हणजे तो सिंथच्या आधी आहे. त्यानं हार्मोनिक वाढतात, दोन तारांची बेरीज-वजाबाकी नव्यानं तयार होते, आणि सिंथला मोजायला आणखी कचरा मिळतो. असं लावा:

गिटार, ट्यूनर, सिंथ, ओव्हरड्राइव्ह, व्हॉल्यूम पेडल, डिले, मिक्सर.

व्हॉल्यूम पेडल सिंथच्या आधी नको. आधी ठेवलात तर आवाज कमी करताना सिंथचं खाणंच कमी होतं आणि नोट शेवटी तडतडून मरते. नंतर ठेवलात तर सिंथला कायम पुरेसा सिग्नल मिळतो आणि पॅड हळू चढवता-उतरवता येतो. पेडलला एक्स्प्रेशनचं भोक असलं तरी तिथं व्हॉल्यूम पेडल खुपसू नका. एक्स्प्रेशनला स्टिरिओ केबल लागते, आणि टिप-रिंगची जोडणी कंपनीगणिक वेगळी असते. पेडल फक्त शेवटच्या थोड्या टप्प्यात एकदम काम करत असेल तर तीच उलटी आहे असं समजा.

निपाणी_सहातारी

आभारी आहे. टोन कमी करून चौथ्या तारेवर वाजवल्यावर उडी जवळजवळ बंद झाली. कॉम्प्रेसर सिंथच्या आधी लावला तर नोट लांबते असं वाचलंय, लावू का? आणि पॅड एकेरी नोटेवर कसा काढायचा?

टिळकवाडी_कीज

कॉम्प्रेसरचं उत्तर आवाजावर अवलंबून आहे. लीडसाठी लावा, हलका, ३:१ च्या आसपास. नोटेची शेपटी लांबते आणि भरभर उशिरा सुरू होते. ब्रासला मात्र बंद ठेवा. तुमच्या पेडलचा फिल्टर पिकच्या फटक्यानं उघडतो. कॉम्प्रेसरनं फटकाच सपाट केला तर सगळ्या नोटा सारख्याच उघडतील, किंवा उघडणारच नाहीत. ट्रिगरची संवेदनशीलता अशी ठेवा की मऊ पिकला फिल्टर अर्धवट उघडावा आणि जोरात मारल्यावर पूर्ण. ब्रासचा जिवंतपणा त्या फरकात आहे.

तीन आवाज असे लावून बघा.

लीड: स्क्वेअर मोठा, खालचं सप्तक निम्मं, कोरी गिटार शून्य. स्क्वेअर लहरीत फक्त विषम हार्मोनिक असतात, म्हणून ती लग्नाच्या बँडमधल्या क्लॅरिनेटसारखी पोकळ वाटते. फिल्टर उघडा, रेझोनन्स (फिल्टरच्या टोकाचा उठाव) कमी.

ब्रास: फिल्टरची सुरुवात खाली, शेवट वर, वेग जलद, रेझोनन्स अगदी थोडा. रेझोनन्स वाढवला की ‘वॉव’ येतो आणि तो ब्रास राहत नाही. वरचं सप्तक थोडं मिसळा.

पॅड: अटॅक डिले वाढवा, नोट साधारण ३००-४०० मिलिसेकंदांत चढेल इतका. पेटीचा भाता हळू भरत सूर यावा तसं. यात एक मोठा फायदा आहे: सुरुवातीचे ते २०-२५ मिलिसेकंदांचे गोंधळाचे क्षण आवाज उघडायच्या आतच संपतात, म्हणून पॅडमध्ये फुटकी नोट सहसा ऐकूच येत नाही.

पण एकेरी पेडलवर कॉर्डचा पॅड निघत नाही, हे मान्य करून चालायचं. त्याऐवजी कॉर्डमधली एकच नोट निवडा, शक्यतो मधली, म्हणजे कॉर्डच्या षड्जापासूनचा गंधार, कारण षड्ज आणि पंचम बास देतोच. कॉर्ड बदलताना सगळ्यात जवळच्या नोटेवर सरका. गाणं १०० बीपीएमचं असेल तर एक ठोका ६०० मिलिसेकंदांचा, डिले ४५० वर ठेवा आणि तीन-चार पुनरावृत्ती घ्या. मागची नोट पुढच्या नोटेखाली राहते आणि कान कॉर्ड भरून घेतो. गणित सोपं आहे: ६०,००० भागिले बीपीएम, आलेल्या उत्तराचे पाऊण.

खऱ्या कॉर्डचा पॅड हवाच असेल तर दुसऱ्या जातीचा पेडल घ्या. फक्त स्ट्रिंग्ज, कॉयर, ब्रास हवे असतील तर मेल९ वर ऑर्केस्ट्रा, चेलो, स्ट्रिंग्ज, ब्रास वगैरे नऊ आवाज तयार मिळतात, आणि अटॅकचा नॉब आहे. लीडही त्यातूनच काढायचा असेल तर एसवाय-१. त्यात सेंड-रिटर्न (मधे दुसरा पेडल जोडायची वाट) आहे, म्हणजे ओव्हरड्राइव्ह फक्त कोऱ्या गिटारवर घेता येतो आणि सिंथ स्वच्छ राहतो. जीके पिकअप तीन आवाजांसाठी घेऊ नका. तो ब्रिजजवळ बसवून, शेवटचा फ्रेट दाबल्यावर प्रत्येक तारेखाली १ मिमी अंतर ठेवून, मग यंत्रात प्रत्येक तारेची संवेदनशीलता वेगळी लावायची असते. गणपतीच्या तोंडावर हे काम काढू नये.

उद्यमबाग_सोल्डर

शिट्टीबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. ती डेझी चेनचीच आहे. तुमचा डिले डिजिटल असणार. त्याच्या आतल्या घड्याळाचा आवाज सामाईक अर्थवायरमधून ॲनालॉग पेडलमध्ये शिरतो. खात्री करायची तर फक्त डिले ९ व्होल्टच्या बॅटरीवर किंवा वेगळ्या अडाप्टरवर घ्या. शिट्टी गेली तर कारण सापडलं. मग प्रत्येक आउटपुट वेगळं असलेला आयसोलेटेड सप्लाय घ्या. नाहीतर निदान डिजिटल पेडलला स्वतंत्र अडाप्टर द्या.

घरात पडलेला कीबोर्डचा अडाप्टर लावू नका. बहुतेक पेडलना ९ व्होल्ट डीसी, आतली पिन मायनस लागते. कीबोर्डचे अडाप्टर बरेचदा १२ व्होल्टचे आणि आतली पिन प्लस असलेले असतात. काही जुन्या सिंथ पेडलना २४ व्होल्ट लागतात, इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या ९ मालिकेबरोबर ९.६ व्होल्टचा येतो. पेडलच्या मागचं चित्र वाचा, मल्टिमीटरनं पिन तपासा, मगच लावा. मिलिअँपिअर सप्लायचे जास्त असले तर चालतात, कमी असले तर चालत नाहीत.

मंडपात त्याहून महत्त्वाचं म्हणजे अर्थिंग. हेस्कॉमची (वीज कंपनीची) लाइन असो की जनरेटर, जोडणीआधी सॉकेटवर तीन मापं घ्या: फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थही तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्ट. फेज-अर्थ १००-१५० दाखवत असेल किंवा आकडा भटकत असेल तर अर्थ नाहीच. तिथं माइकला ओठ आणि तारांना बोटं एकाच वेळी लागली तर झटका बसतो. भाद्रपदात जमीन ओली असते, हा झटका जिवावर बेतू शकतो. मंडपवाल्याला अर्थ रॉड ठोकायला लावा, त्याशिवाय केबल जोडू नका. गुणगुण जावी म्हणून प्लगची अर्थची पिन कधीही काढायची नाही. त्यासाठी डीआय बॉक्सवर (पेडलचा सिग्नल बॅलन्स्ड करून मिक्सरला देणारी डबी) ग्राउंड लिफ्टचं बटण असतं.

आता कुणाला खालच्या सप्तकाचं सर्किट हातानं करून समजून घ्यायचं असेल तर सांगतो. सिंथ पेडलच्या पोटातलं हेच मूळ आहे आणि ब्रेडबोर्डवर एका संध्याकाळी होतं.

९ व्होल्टची बॅटरी. दोन १० के आणि १० मायक्रोफॅरडनं ४.५ व्होल्टचा मध्यबिंदू बनवा. गिटार २२ नॅनोफॅरडमधून एलएम३५८ च्या पिन ३ ला, तिथून १ मेगओहम मध्यबिंदूला. पिन १ ते २ मध्ये २२० के, पिन २ पासून ४.७ के आणि त्याच्यापुढं १ मायक्रोफॅरड ग्राउंडला. सिग्नल साधारण ४८ पट वाढतो. पिन १ पासून १० के, मग ४७ नॅनोफॅरड ग्राउंडला: हा सुमारे ३४० हर्ट्झचा लो-पास, हार्मोनिक इथं गळतात. तो पिन ५ ला, पिन ६ आणि ७ एकत्र जोडून बफर.

तिथून १० के मधून एलएम३९३ च्या पिन ३ ला. पिन २ मध्यबिंदूला. पिन १ ला ९ व्होल्टकडं १० के, आणि पिन १ ते ३ मध्ये २२० के. हा २२० के विसरला तर सगळं फुकट. तो सुमारे ०.४ व्होल्टचा अडसर तयार करतो, म्हणून लहर मध्यरेषेजवळ थरथरली तरी मोजणी चुकत नाही, आणि हात उचलल्यावर सर्किट पूर्ण गप्प होतं. रिकाम्या दुसऱ्या भागाच्या पिन ५ आणि ६ ग्राउंडला.

पिन १ चा चौकोन सीडी४०१३ च्या पिन ३ ला. त्याची पिन २ आणि ५ एकत्र, पिन ४ आणि ६ ग्राउंडला, न वापरलेल्या ८, ९, १०, ११ सुद्धा ग्राउंडला. पिन १४ ला ९ व्होल्ट, ७ ग्राउंड, दोन्हींमध्ये १०० नॅनोफॅरड. एलएम३५८ आणि एलएम३९३ दोघांनाही पिन ८ ला ९ व्होल्ट, पिन ४ ग्राउंड. सीडी४०१३ च्या पिन १ वर एक सप्तक खालची नोट मिळते. ती ९ व्होल्टची असते, म्हणून १ मायक्रोफॅरडमधून १०० के, मग ४.७ के ग्राउंडला, आणि दोन्हींच्या सांध्यावरून आउटपुट घ्या. साधारण ०.४ व्होल्ट होतं, पेडलला पुरेसं.

एलएम३५८ च्या जागी टीएल०७२ घालू नका. ९ व्होल्टवर त्याचं इनपुट तळाजवळ गेलं की आउटपुट एकदम उलटं होतं आणि खोट्या नोटा मोजल्या जातात. आवाज चांगला म्हणून इतर पेडलांत तो घालतात, पण इथं आवाज नाही, मोजणी महत्त्वाची.

खानापूर_बास

पीएबद्दल (मंडपातल्या स्पीकरांबद्दल) थोडं. गिटार अँपचा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्यानं उतरतो, पीए उतरत नाही. म्हणून सिंथ थेट मिक्सरला छान वाटतो आणि ओव्हरड्राइव्ह मात्र माशा घोंघावल्यासारखा. ओव्हरड्राइव्हसाठी कॅब सिम्युलेटर (अँपच्या स्पीकरची नक्कल करणारा) लावा, किंवा चॅनेलचा हाय बराच कमी करा.

शेवटच्या पेडलपासून डीआय बॉक्स, पुढं बॅलन्स्ड केबल. साधी केबल ६ मीटरच्या आत. कोरी गिटार पेडलशिवाय मिक्सरच्या लाइनमध्ये घालू नका: तिला १ मेगओहमचं इनपुट लागतं, लाइनला १०-२० किलोओहम असतं, तारांची चमक जाते.

सहाव्या तारेचं खालचं सप्तक ४१ हर्ट्झला येतं. नुसत्या टॉपवर (सबवूफरशिवायच्या स्पीकरवर) ते ऐकू येत नाही, कोन मात्र उगाच हलत राहतो. सबवूफर नसेल तर त्या चॅनेलचा ८० हर्ट्झचा लो-कट दाबा आणि चौथ्या तारेवरच राहा. तिथलं खालचं सप्तक ७३ हर्ट्झपासून सुरू होतं, बासच्या पायात पाय घालत नाही.

निपाणी_सहातारी

डिले बॅटरीवर घेतला, शिट्टी गेली. क्रम बदलला. ब्रासला कॉम्प्रेसर बंद केल्यावर फिल्टर खरंच उघडतोय. एकच राहिलं: ब्रासची नोट संपताना शेवटी फर्रर्र होतं.

टिळकवाडी_कीज

तार स्वतःहून मरू देऊ नका. ठोका पुरा झाला की डाव्या बोटाचा दाब सैल करा, बोट तारेवरच राहू दे, आणि त्याच क्षणी तळवा टेकवा. ब्रासवाला फुंक जशी तोडतो तशी नोट तोडायची. तरीही राहिलं तर सिंथच्या लगेच नंतर नॉइज गेट, पण त्याला इशारा मात्र गिटारच्या कोऱ्या सिग्नलवरून द्या. सेंड-रिटर्नवाला गेट असेल तर गिटार गेटच्या इनपुटला आणि सिंथ त्याच्या लूपमध्ये.